गोपाल, ट्रॅक्टर चालू होत नाही

गोपाल, तू गेलास त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकान उघडलं, अगरबत्ती लावली, बोहनी व्हायची होती, आणि फोनवर मेसेज आला. "दादा, तुमचा मॉड टाकला. पण ट्रॅक्टर चालू होत नाही. किल्ली फिरवतो, लाईट लागते, पुढे काहीच नाही." मेसेज तुझ्या नावाने होता. सांगलीकडचा कुणीतरी. तू या जगात नाहीस हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. मी कपाळाला हात लावला. खरं म्हणजे रडू यायला हवं होतं, पण आला तो वैताग. माणूस गेला तरी त्याच्या ट्रॅक्टरची तक्रार काही जायला तयार नाही. उत्तर मला तोंडपाठ होतं, तरी ते टाइप करायला हात वळला नाही. मी फोन उलटा ठेवला आणि बोहनीची वाट बघत बसलो.

गेलेल्या माणसावर लिहायचं म्हटलं की दिलदार होता, मनमिळाऊ होता असं लिहायची रीत आहे. होतास तू तसा, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या कितीतरी आधी तू हट्टी होतास. हट्टी म्हणजे इतका, की आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास आणि माझ्या सगळ्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं शिल्लक ठेवलंस. ते अर्धं भांडण घेऊन मी रोज काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक साखर मागतं आणि मी मनातल्या मनात तुला काहीतरी सुनावत असतो.

आपली ओळख चहापत्तीवरून झाली. तू रिठदहून सोयाबीन घेऊन रिसोडच्या बाजारात आला होतास, ते टाकून माझ्या किराणा दुकानात आलास आणि चहापत्ती मागून माझ्या बिलाच्या कॉम्प्युटरकडे बघत उभा राहिलास. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मी शेतीचा गेम खेळत होतो. आमच्या घरात तीन पिढ्या दुकान. वावरात आमचा पाय पडायचा तो फक्त कुणी हुरडा खायला बोलावलं तर. त्यामुळे स्क्रीनवरची शेती मला खरीच वाटायची. तू वाकून पाहिलंस आणि विचारलंस, "शेठ, ह्या वावराले धुरा कुठी हाय?"

मी म्हणालो, "बांध-धुरा काही नाही दिलेला यांनी."

"मंग शेजाऱ्यासंग भांडन कायच्यावरून करते हे लोकं?"

मी हसलो. तू हसला नाहीस. तुला खरोखर राग आला होता, परक्या देशातल्या त्या पट्टीने आखलेल्या शेतांचा. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तू परत आलास, चहापत्ती संपलेली नसताना, आणि विचारलंस की यात आपलं वावर घालता येतं काय. येतं, मी सांगितलं. गेम बनवणाऱ्यांनी दिलेल्या गोष्टींत बाहेरच्या लोकांनी घातलेल्या भरीला मॉड म्हणतात, आणि जगभर लोक हौसेने ते बनवून एकमेकांना फुकट देतात. हे मी इथे लिहितोय ते तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी. तुझा याला विरोध असणार. "ज्याले समजन त्याले समजन," हेच म्हणाला असतास. तिथूनच तर आपलं भांडण सुरू होतं.

'रिठदचं वावर' हा मॉड तू एकट्याने उभा केलास. मी फक्त खेळून बघायचो, चुका सांगायचो आणि इंग्रजी वाचून द्यायचो. धुऱ्यावरची वाकडी बाभूळ, विहिरीवरच्या स्टार्टरचं गंजलेलं डबडं, तुरीच्या ओळींत मधेच राहिलेला भकास तुकडा. ट्रॉलीच्या साखळीचा आवाज पकडायला तू फोन हुकाला बांधून अख्खं वावर फिरलास आणि फोनची काच फोडून घेतलीस. ज्या दिवशी पहिल्यांदा तुझा ट्रॅक्टर स्क्रीनवर त्या धुऱ्याच्या कडेने खडखडत गेला, त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. आमच्या धंद्यात भर दुपारी शटर ओढतात ते कुणी गेलं तरच. मी ते आनंदाने ओढलं, हे तुला बोलून दाखवलं नाही. आता लिहितोय.

पण त्या मॉडच्या सेटिंग, गोपाल. देवा रे देवा.

सगळ्या एका मजकुराच्या फायलीत. गेममधून बाहेर पडा, फोल्डर शोधा, त्यातला फोल्डर शोधा, फाइल उघडा, आणि आत काय, तर 'क१', 'क२', 'क३' आणि पुढे आकडे. क१ म्हणजे काय हे तुला माहीत आणि वरच्या देवाला. क४ चा आकडा बदलला तर नांगर खोल जायचा, क५ चा बदलला तर गेम बंद पडायचा. का बंद पडला, तेही सांगायचा नाही. मी म्हणालो, निदान नावं तरी दे, 'नांगराची खोली' असं लिही. तू म्हणालास, त्यात काय, एकदा पाठ झालं की झालं.

मॉड बनवणाऱ्यांच्या गटातल्या जुन्या लोकांनी किती समजावलं तुला. सेटिंग गेमच्या मेनूत ठेवा, सगळ्या मॉडच्या एकाच जागी. एका मॉडने घेतलेलं बटण दुसऱ्याने घेऊ नये म्हणून आधी विचारा. नवी आवृत्ती काढली तर लोकांनी आपापल्या सोयीने लावून ठेवलेलं पुसू नका. यात कुणाचं काही जात नव्हतं. पण तुझी नवी आवृत्ती आली की सगळ्यांच्या सेटिंग सफाचट. लोक रविवारभर बसून नांगराची खोली जुळवायचे आणि सोमवारी तू विहिरीचा रंग बदलून नवी आवृत्ती टाकायचास. कीबोर्डवरचं एन हे बटण तू ट्रॉली उलटी करायला घेतलंस. दुसऱ्या एका मॉडमध्ये तेच बटण पावसाला होतं. दोन्ही मॉड टाकले की माणूस सोयाबीन खाली करायला जायचा आणि नेमका त्याच क्षणी धो धो पाऊस. एक जण तर तुझ्यावर खूश झाला होता. म्हणाला, आमच्याकडे अगदी असंच होतं, किती अभ्यास करून बनवलंय. तू ती दाद निमूट खिशात घातलीस आणि बटण तसंच ठेवलंस.

आणि रोही, म्हणजे नीलगाई. तुझ्या वावरात रोह्यांचे कळप यायचे आणि उभं पीक खाऊन जायचे. परगावचे लोक विचारायचे, हा निळसर घोडा कोण, आणि याला कमी कसं करायचं. मी तुला म्हणालो, त्यांच्यासाठी एक साधी सेटिंग दे. रोही जास्त, मध्यम, कमी. दुकानात माझ्यासमोर पोत्यावर बसला होतास तू, शेंगदाणे खात.

"शेठ, रोही कमी करायची सेटिंग मले अगोदर खऱ्या वावरात दे. मंग मी तुले गेममंधी देतो."

मी चिडलो की तू असं काहीतरी बोलायचास, आणि मग मी आणखी चिडायचो.

मी वाण्याचा मुलगा. माझ्या वडिलांनी मला दुकानात बसवलं तेव्हा पहिली गोष्ट शिकवली ती मांडणीची. जे रोज लागतं ते हाताशी, जे सणाला लागतं ते वर. गिऱ्हाइकाला मीठ कुठे आहे ते विचारावं लागलं तर चूक गिऱ्हाइकाची नाही, आपली. मी हे तुला शंभरदा सांगितलं असेल. माझ्या दृष्टीने मॉडच्या सेटिंग म्हणजे दुकानाची फळीच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणालाही न विचारता सगळं सापडलं पाहिजे. एकदा तू ते शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तुह्या दुकानात सारं समोर ठेवलं असते. म्हून तुह्याशी कोनी बोलत नाई. माल घेते, जाते."

ते मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून लागलं.

कारण तुझ्याशी सगळे बोलायचे. क४ म्हणजे काय हे विचारायला फोन करणारा माणूस अर्ध्या तासाने तुझ्याकडून तुरीवरच्या अळीची माहिती घेऊन फोन ठेवायचा. तू मेसेजला मेसेजने उत्तर देतच नव्हतास, थेट फोन लावायचास. नगरकडच्या एका ड्रायव्हरने तुला आपल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तेही बटण सापडत नाही या तक्रारीतून ओळख वाढून. मी गिऱ्हाईक समोर असताना कधीच फोन उचलत नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. त्यावरूनही तू मला ऐकवायचास. मी म्हणायचो, अरे, पण तुला वेळ आहे म्हणून ठीक. उद्या तू आजारी पडलास, गावाला गेलास, तर या लोकांनी विचारायचं कुणाला? बोलता बोलता मी हे म्हणालो होतो. तेव्हा आपल्या दोघांच्या डोक्यात ताप-सर्दीपलीकडे काही नव्हतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो चोर बटणावरून. तुझ्या मॉडमधला ट्रॅक्टर नुसत्या किल्लीने चालू होत नाही. सीटखाली, हत्यारांच्या पेटीमागे एक लपवलेलं बटण आहे. आधी ते दाबायचं, मग किल्ली. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक बसवून घेतात, तसं. पण खेळणाऱ्याला हे कळायचं कसं? कुठे लिहिलेलं नाही, बटण डोळ्यांना दिसत नाही, खाली वाकून माऊसने चाचपडावं लागतं. मॉड घेणाऱ्या प्रत्येकाची पहिली तक्रार हीच. मी म्हणालो, हा निव्वळ चावटपणा आहे. गेममध्ये तुझा ट्रॅक्टर कोण चोरून नेणार आहे? तू म्हणालास, "असली ट्रॅक्टर असाच असते." मी म्हणालो, निदान सुरुवातीला ते बंद ठेव, ज्याला हौस आहे तो चालू करील. तू म्हणालास, "अबे, इचारतीन ना लोकं. तोंड कायले देल्लं हाय देवानं?"

मग गेमवाल्यांनीच जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून वेगळ्या फायलीतल्या सेटिंग चालणार नाहीत. सगळं त्यांच्या मेनूत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने. जो मॉड बदलून घेणार नाही, तो उघडणारच नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर रिठदचं वावर बंद पडणार. तुझी बाभूळ, तुझी विहीर, साखळीचा आवाज, सगळं. मला वाटलं, आता तरी हा ताळ्यावर येईल. मी मेनूचा आराखडा करून ठेवला. क१ पासून एकेकाला माणसासारखी नावं दिली. एक बटण 'सगळं मूळपदावर आणा' असं. तू काउंटरवर वाकून ते सगळं पाहिलंस आणि पहिला प्रश्न विचारलास, चोर बटण कुठी हाय? मी म्हणालो, काढलं. तू चहा अर्धा सोडून उठलास. तू चहा सोडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. पायऱ्या उतरताना म्हणालास, "तू आन तुहा मेनू." संध्याकाळी तुझा मेसेज आला, तोही लेखी, म्हणजे राग किती असेल बघ. "शेठ, रविवारी रिठदले ये. तुले दाखवतो चोर बटन कायले पाह्यजे ते."

मी उत्तर दिलं नाही. येतो असंही नाही, नाही येत असंही नाही. म्हटलं, रविवारी जाऊन समोरच गाठू.

रविवार यायच्या आधीच मी रिठदला आलो ते तुला पोचवायला. त्या दिवशी कुणाशी काही बोलणं झालं नाही. वावरात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढंच कानावर आलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, अचानक झालं, कुणाच्या हातात काही नव्हतं.

तेरवीला पुन्हा आलो. जेवणं उरकली होती, मांडवातली माणसं पांगत होती, आणि तुझ्या गोठ्यापाशी एक मिस्त्री हातात पक्कड घेऊन उभा होता. ट्रॅक्टर तिथेच. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, सगळ्यांची वावरं तयार होत होती, आणि तुझा ट्रॅक्टर काही केल्या चालू होत नव्हता. मिस्त्री म्हणत होता, "वायर तोडून डायरेक्ट जोडून देतो. पाच मिन्टाचं काम हाय." आणि वहिनी त्याच्यासमोर उभ्या होत्या. हळू आवाजात, पण ठामपणे म्हणत होत्या, "तोडू नका. त्यायच्या हातचं हाय ते."

मी विचारलं, काय झालं. तेव्हा वहिनींनी सांगितलं. त्या दिवशी वावरात तुम्ही दोघंच होता. तुला घाम फुटला, तू धुऱ्याला टेकून बसलास. मोटारसायकल घरी होती, ट्रॅक्टर जवळ उभा होता. बाजूच्या वावरातले काका धावत आले, त्यांना ट्रॅक्टर चालवता येतो. त्यांनी किल्ली फिरवली. लाईट लागली, पुढे काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. शेवटी काका गावात पळाले आणि जीप घेऊन आले.

"त्यायनं सीटखालतं हात दाखवला, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "बोलता येत नोतं. मले वाटलं पानी मांगून राह्यले. कॅन तठीच टांगेल राहते ना. मंग म्या पानी पाजलं."

गोपाल, मी वळून त्या ट्रॅक्टरकडे बघितलं. किल्ली फिरवतो, लाईट लागते, पुढे काहीच नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं. सांगलीवाल्याचं, नगरवाल्याचं, दुनियेचं. प्रत्येक वेळी मी तुला शिव्या घातल्या आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की हा तुझा खेळातला खोडसाळपणा आहे. तू असली म्हणत होतास ते असलीच होतं. तू आपलाच ट्रॅक्टर जसाच्या तसा उचलून गेममध्ये ठेवला होतास. बाभळीसकट, साखळीसकट, लपवलेल्या बटणासकट.

ट्रॅक्टर तेव्हाच चालू झाला असता आणि पाच-दहा मिनिटं वाचली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणारही नाही. वहिनींनीही विचारू नये म्हणून मी देवाला हात जोडतो. पण तुझ्यावर मी चिडणार, आणि तू मला अडवू शकत नाहीस. ज्या बाईने तुझ्याबरोबर त्या ट्रॅक्टरवर बसून निम्मं आयुष्य काढलं, तिला सांगायला काय झालं होतं तुला? पाठ झालं की झालं, असं म्हणायचास ना. कुणाला पाठ झालं? तुला. आणि तुला सांगता येईना तेव्हा तुझ्या हाताकडे बघून तिने तुला पाणी दिलं. वापरणाऱ्याची चूक नसते असं मी तुला सांगत आलो, आणि आता ती बाई रोज स्वतःला विचारत असणार की आपल्याला कसं कळलं नाही.

मी मिस्त्रीला म्हणालो, थांबा. आयुष्यात ट्रॅक्टरच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच गेलो होतो. तेरवीचे पांढरे कपडे, हाताला ग्रीस. सीटखाली, हत्यारांच्या पेटीमागे. तू माझ्याकडून इतक्यांदा माऊसने चाचपडून घेतलं होतंस की माझा हात पहिल्या झटक्यात तिथे गेला. बटण होतं. अगदी त्याच जागी, तितकंच तिरकं. मी ते दाबलं, किल्ली फिरवली, आणि तुझा ट्रॅक्टर सुरू झाला. तोच आवाज. मांडवात भांडी आवरणाऱ्या बायका थांबल्या. मला वाटलं वहिनी आता कोसळतील, पण त्या पुढे आल्या, स्वतःच इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "मले दाखवा. कुठी हात घातला ते."

मी दाखवलं. त्यांनी स्वतः हात घालून बटण चाचपलं, दाबलं, चालू केलं. बंद केलं. पुन्हा चालू केलं. मिस्त्रीने पक्कड खिशात घातली आणि विचारलं, इतकं लपवायला कोण चोर येत होता इथे?

"चोर कुठचा," वहिनी म्हणाल्या. "यायच्या चुलतभावानं एकडाव न इचारता वरातीत नेला होता. डिझेल सारं सपवून आनला. तवापासून बसवलं ते. कुठी बसवलं, ते मलेबी नाई सांगतलं."

म्हणजे चुलतभावाने वरातीत ट्रॅक्टर नाचवला म्हणून अख्ख्या महाराष्ट्रातले लोक आपापल्या घरात बसून सीटखाली चाचपडत होते. आणि मी तुझ्याशी त्यावर तत्त्वाचं भांडण करत होतो. मला हसू आलं, तिथे, तेरवीच्या मांडवात. वहिनींनाही आलं, अगदी थोडं. हे दाखवायलाच तू मला रविवारी बोलावलं होतंस ना? बटण दाखवून, वरातीची गोष्ट सांगून, चहा पाजून मला गार करायचा तुझा बेत असणार.

मग वहिनी घरात गेल्या. तुमच्या ओसरीतल्या त्या छोट्या आरशाच्या कडेला त्यांच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात, तू पाहिलेल्याच आहेत. त्यातली एक त्या काढून घेऊन आल्या. लाल, मोठी. त्यांच्या कपाळावर त्या दिवशी टिकली नव्हती. त्यांनी पदराच्या टोकाने सीटच्या कडेची धूळ पुसली आणि बटणाच्या बरोबर वर ती टिकली दाबून बसवली. अंगठ्याने दोनदा दाबली, निघू नये म्हणून.

"आता कोनालेबी दिसन," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी तुला जे पटवू शकलो नाही ते त्यांनी एका टिकलीत करून टाकलं. बटण काढलं नाही, वायर तोडली नाही, मेनू केला नाही. तुझं तुझ्या जागी ठेवलं आणि नव्या माणसाला वाट दाखवली. हे मला का सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो. तुला तर ते सुचायचं कारणच नव्हतं.

रिसोडला परत आलो आणि दुपारच्या वेळी काउंटरवर बसून तुझा मॉड उघडला. मेनू केला, हो, तू कितीही ओरडलास तरी केला. क१ ते शेवटच्या क पर्यंत सगळ्यांना नावं दिली. एन बटण पावसाला सोडून दिलं, ट्रॉलीला दुसरं घेतलं. लोकांनी लावून ठेवलेलं आता पुसलं जाणार नाही. काही चुकलं तर काय चुकलं ते मराठीत कळेल. रोही मात्र कमी केले नाहीत. तिथे 'रोही' असं लिहून ठेवलंय, आणि पुढे 'कमी' निवडलं तरी थोडे येतातच. तेवढं तुझं ऐकलं. आणि चोर बटण ठेवलं, जिथे होतं तिथेच, आणि दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होणार नाही असंच. फक्त सीटच्या कडेला एक लाल टिकली लावली. तिचा रंग जुळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गेमच्या उन्हात ती भगवी दिसायची. शेवटी वहिनींना फोन करून तिथला फोटो मागवला.

त्यांनी फोटो पाठवला, त्यात टिकलीला माती लागली होती. पेरणी सुरू झाली म्हणाल्या. स्वतः चालवता का, मी विचारलं. "मंग कोन चालवीन," त्या म्हणाल्या. मी मॉडमधल्या टिकलीलाही थोडी माती लावली.

काल नवी आवृत्ती टाकली. तू गेल्याचं गटात सांगितलं, तेही कालच. इतके दिवस लिहायला जमलं नव्हतं. रात्रीतून इतके मेसेज आले की मी वाचलेच नाहीत सगळे. नगरचा ड्रायव्हर रडत होता. आज सकाळी मात्र एक मेसेज वेगळा होता. तोच सांगलीवाला, ज्याला मी त्या आठवड्यात उत्तर दिलं नव्हतं. त्याने गटातलं काही वाचलेलं दिसत नव्हतं, नवी आवृत्ती मात्र घेतली होती. "दादा, झाला चालू. सीटजवळ लाल ठिपका दिसला, त्याच्या खाली बघितलं तर बटण. पण तो ठिपका कशाचा आहे?"

बघ, मी मेनू केला, नावं दिली, सगळं समोर मांडलं, आणि तरी माणूस विचारायला आलाच. तू असतास तर टाळी मागितली असतीस. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाला तेल तोलून द्यायचं होतं, दुसऱ्याच्या हातात यादी होती. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सांगलीला फोन लावला.